विषय : कोळसा कमी आलाय

शमशाद शिकलगारला त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की ती आधी पिठाबद्दल सांगते. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर जोतीराम सरांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. खाली दिवसभर जोंधळे दळले जायचे आणि वर पांढरी धूळ यायची. सरांनी त्या एका खोलीला एसी बसवला होता. खिडक्या बंद, दाराला रबराची पट्टी, आणि आत जायचं तर चपला बाहेर. एसी माणसांसाठी नव्हताच, कॉम्प्युटरसाठी होता. शमशादच्या आईनं, खतिजानं, कॉम्प्युटरला घालायला एक गलेफ शिवून दिला होता, कडेनं निळी वेलबुट्टी काढलेला. संध्याकाळी काम संपलं की शमशाद पडदा पुसायची, गलेफ चढवायची आणि मग चपला शोधायची. त्या चपलांवर पिठाचा थर बसलेला असायचा.

साल सत्त्याऐंशी. ती नुकतीच डिप्लोमा होऊन आली होती. वडील गौसभाई शनिवार पेठेत कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान चालवत. पोरगी काय काम करते असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "यंत्राला लिवायला शिकवती." त्यात फारसं चुकीचंही काही नव्हतं.

जोतीराम सर पुण्याला शिकून, तिथली नोकरी सोडून कोल्हापूरला परत आले होते. का परत आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. येताना त्यांनी जाडजूड झेरॉक्सचा एक गठ्ठा आणला होता. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवायचा तर तो कसा लिहायचा, याचे अमेरिकेतल्या लोकांनी ठरवलेले नियम त्यात होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं फुटकी झाली होती. सर ते कागद पोथीसारखे जपायचे.

"बघ शमशाद," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "निरोपाला एक डोकं असतं आणि एक धड. धडात काय लिहायचं ते ज्याचं त्यानं बघावं. डोकं आपल्याकडं. कुणाकडून, कुणाला, कुठल्या तारखेला, विषय काय. एकेक ओळ. डावीकडं ओळीचं नाव, मधे दोन टिंबं, उजवीकडं मजकूर. मग एक रिकामी ओळ आली की डोकं संपलं."

"आन् ओळ लांब झाली तर?"

"मोडायची. पुढची ओळ थोडी जागा सोडून सुरू झाली, की समजायचं ही मागच्याचीच शेपटी."

"बरं. मी करतो," शमशाद म्हणाली. कोल्हापूरच्या बायकांसारखं ती 'करतो, जातो, आलो' असंच बोलायची. पुण्याचा कुणी आला की हसायचा, आणि ती त्याच्याकडे बघतही नसे.

तेव्हा ती एकाच गोष्टीत बुडून गेली होती. डोक्याच्या ओळी वाचायच्या, तोडायच्या, जोडायच्या, प्रत्येक मजकूर आपापल्या कप्प्यात नेऊन ठेवायचा, आणि कुणालाही उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असं ते सगळं एका जागी बांधून द्यायचं. आधी कागदावर पेन्सिलीनं, मग यंत्रात. एखादी ओळ चुकीच्या कप्प्यात गेली की सगळा निरोप कोलमडायचा. दुपारचं जेवण ती तिथंच, दाराबाहेर पायरीवर बसून करायची, आणि भाकरीचा तुकडा हातात धरून मधेच उठून आत जायची. अख्ख्या आयुष्यात असं काम पुन्हा मिळालं नाही, असं ती म्हणते.

सरांनी त्या सगळ्याला नाव दिलं 'जासूद'. आणि जासूदाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते शिरोली एमआयडीसीतल्या बिरंजे बंधूंचं.

बिरंजे बंधूंची लोखंड ओतायची फौंड्री होती. थोरले पिराजी, त्यांना सगळी दुनिया आण्णा म्हणायची. ते भट्टी सांभाळत. धाकटे आकाराम शाहूपुरीतल्या ऑफिसात बसत. ऑर्डरी आणणं, कोळसा आणि बीड, म्हणजे कच्चं लोखंड, खरेदी करणं, पुण्याच्या कंपन्यांशी बोलणं, हे त्यांचं काम. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. ही गोष्ट शिरोलीत चहावाल्यालाही माहीत होती. दिवसभर शाहूपुरी ते शिरोली चिठ्ठ्या घेऊन एक माणूस सायकल हाणत असायचा. त्याच्या पायांना आराम मिळावा म्हणूनच आकारामनी कॉम्प्युटर घेतला, असं लोक चेष्टेनं म्हणत. पण खरं कारण वेगळं होतं. चिठ्ठ्या उघड्या असत, वाटेत चारचौघं वाचत, आणि भावाभावांतलं वाकडं बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर होई.

शिरोलीत यंत्र बसवायला शमशाद गेली तेव्हा आण्णा भट्टीवरून तसेच आले. खाकी हाफपँट, अंगात बंडी, भुवयांवर काळी भुकटी. त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नव्या कामगाराकडे पाहावं.

"टेलिफोनच्या तारंतनं जातंय व्हय हे?"

"व्हय आण्णा. ह्या डबड्यातनं तारंत, तारंतनं शाहूपुरीत."

"आन् मधी कोण वाचत न्हाय?"

"न्हाय. आम्ही बी न्हाय. धड वाचायचं न्हाय, हा सरांचा नियमच हाय."

आण्णा जरा खूश झाल्यासारखे वाटले. यंत्रावर इंग्रजी अक्षरंच होती, त्यामुळे मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागे. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले, पण पुढे ओतलेल्या मालावरचे छाप वाचून वाचून ती अक्षरं त्यांना ओळखीची झाली होती. शमशादनं त्यांना दाखवलं, एन दाबलं की नवा निरोप, मग ज्याला पाठवायचा त्याचं नाव टाइप करायचं. आर दाबलं की आलेल्या निरोपाला उत्तर.

तेवढ्यात शाहूपुरीतून पहिला निरोप आलाच; तिथलं यंत्र बसवणाऱ्या सरांनी 'कुणाला'चं नाव भरून दिलं होतं. डबड्यात खरखर झाली आणि पडद्यावर एकेक ओळ उमटली. कुणाकडून, आकाराम. कुणाला, पिराजी. विषय, कोळसा कमी आलाय. आणि खाली मजकूर, दोन दिवस जपून वापरा.

आण्णांनी तो दोनदा वाचला. एका बोटानं आर दाबलं, 'बरं' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. शमशादला वाटलं, झालं आपलं काम.

पुढचे काही महिने जासूद व्यवस्थित धावला. सायकलवाला माणूस फौंड्रीत वजनकाट्यावर बसू लागला. बिरंजे बंधूंचं पाहून आणखी दोन कारखान्यांनी चौकशी केली. जोतीराम सरांनी एक दिवस खालून चुरमुऱ्यांचं भडंग मागवलं आणि एसीच्या खोलीत खायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडला.

आणि मग एका सकाळी फोन खणाणला. आकाराम बोलत होते. एरवी सफारी सूट घालून मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"पॅटर्न बदललाय, जुना ओतू नका, असा निरोप मी स्वतः धाडला. पडद्यावर आलं की, गेला म्हणून. आन् तिकडं आख्खा दिवस जुनाच माल ओतला! मुद्दाम केलंय हे. मुद्दाम!"

सरांनी रिसीव्हर ठेवला तोच दुसरा फोन आला. तो आण्णांचा होता.

"निरोप आला न्हाय. न्हाय म्हंजी न्हाय. धाडलाच न्हाय त्येनं आन् आता माझ्यावर ढकलाय लागलाय. पोरीला लावून द्या हिकडं, बघू दे तिला तिच्या डोळ्यानं."

शमशादनं पायात चपला सरकवल्या, पीठ झटकायचंही भान राहिलं नाही, आणि शिरोलीची बस पकडली. ओतलेला माल पुन्हा वितळवता येतो, हे तिला माहीत होतं. पण दोन भावांमध्ये एक तार उरली होती, तीही आता तुटणार, आणि ती आपण ओढलेली तार होती.

फौंड्रीच्या दारातच जुन्या पॅटर्नवरून, म्हणजे जुन्या लाकडी नमुन्यावरून साचा घेऊन, ओतलेल्या मालाचा ढीग पडला होता. साचे भरणारे मोल्डर लोक त्याला वळसा घालून जात होते. आण्णा कोपऱ्यात पाठमोरे उभे होते. शमशाद सरळ यंत्राकडे गेली.

निरोप तिथंच होता. आला होता. पण आण्णांच्या कप्प्यात तो पडलाच नव्हता, कारण 'कुणाला' या ओळीत पिराजी हे नावच नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'कमी आलाय'. जासूद बिचारा शिरोलीत 'कमी आलाय' नावाच्या माणसाला शोधत बसला होता, आणि असा कुणी भेटेना म्हणून निरोप काखेत मारून उभा होता.

शमशादला आधी हसू आलं आणि लगेच घाम फुटला. तिनं विषयाची ओळ पूर्ण उघडली. पडद्यावर एरवी तिचं फक्त सुरुवातीचं टोक दिसायचं. आता दिसलं ते असं होतं : आरई, आरई, आरई, आरई... ओळीमागून ओळ नुसतं आरई, आणि अगदी शेवटी 'कोळसा'. कुणी उत्तर दिलं की जासूद विषयाच्या पुढं एक 'आरई' लावायचा, म्हणजे 'हे उत्तर आहे' अशी खूण. उत्तराला उत्तर दिलं की आणखी एक, आणि आकारामही आण्णांच्या उत्तरावर आर दाबूनच पुढचं धाडत. ती शेपूट वाढत वाढत विषयाच्या कप्प्यात मावेनाशी झाली होती, आणि उरलेली अक्षरं सांडून शेजारच्या कप्प्यात गेली होती. शेजारचा कप्पा 'कुणाला'चा. कागदांतला नियम होता, लांब ओळ मोडायची. तो तिनं वाचताना पाळला होता, लिहिताना विसरली होती.

ती उठली आणि आण्णांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आण्णा, त्यांनी निरोप धाडलेला. तुम्हांला मिळाला न्हाय, हे बी खरं. चूक माझ्या प्रोग्रॅममधी हाय."

आण्णा वळले. "तुझ्या?"

"व्हय. दुरुस्त करतो मी. पण मला एक सांगा. तुम्ही येवढ्या महिन्यांत एक बी नवा निरोप लिवला न्हाय. पार पहिल्या दिवसाच्या कोळशालाच उत्तर देत आलाय तुम्ही. बीड आलं तरी कोळसा, गणपतीची सुट्टी तरी कोळसा. असं का?"

आण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. मग वजनकाट्यापाशी ठेवलेल्या बाकावर बसले आणि तिलाही हातानं बस म्हणून खुणावलं.

"नवीन लिवायचं तर त्याचं नाव टायपावं लागतंय."

"व्हय."

"मी न्हाय टायपत. आर दाबला की आपोआप येतंय की. तुझं यंत्र घेतंय त्याचं नाव. मी घेत न्हाय."

बाहेर कुणीतरी वाळू चाळत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"आमच्या बाचं नाव केरबा," आण्णा म्हणाले. "ही भट्टी त्यानं उभी केली. माळावर कुत्रं न्हवतं तवा. प्रत्येक मालावर गोलात 'के' पडायचा. लांब कुठं रत्नागिरीकडं गेलो, कुणाच्या हिरीवर इंजान दिसलं, की मी वाकून बघायचो. गोलात के. छाती भरून यायची बघ. बा गेला. पुण्याच्या कंपनीची ऑर्डर आली. त्येंनी सांगितलं, आमचा छाप घाला. ठीक हाय की, पैसे त्येंचं, माल त्येंचा. माझी ना न्हवती. पण मला इचारायचं हुतं का न्हाय? मी भट्टीवर, आन् ह्यानं पॅटर्नवरचा के तासून काढला. तासून! साचा फोडला, माल भाईर काढला, आन् बघतोय तर जागा सपाट. तवाच ठरवलं, तू माझ्या बाचं नाव घालवलंस, मी तुझं नाव घेणार न्हाय."

"किती वरसं झाली?"

"झाली की. पोरांची लग्नं झाली."

शमशादला फक्त तिचं काम माहीत होतं, आणि त्या कामातच तिला एक वाट दिसत होती. कागदांत लिहिलं होतं, की 'कुणाला' या ओळीत दोन नावं ठेवता येतात. एक यंत्राला कळावं म्हणून पक्कं, आणि त्याच्या अलीकडे माणसाचं, आपल्याला हवं तसं. हा भाग तिनं मागे ठेवून दिला होता, कोल्हापुरात कुणाला लागणार म्हणून.

"आण्णा, यंत्रासाठी नाव आकारामच राहील, ते मी आत दडवून ठेवतो. तुम्हांला टायपायला नको. पण पुढं आणखी एक नाव लिवता येतंय. बारकेपणी काय म्हणायचा तुम्ही त्यास्नी?"

आण्णा जरा चिडूनच तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर वाळूच्या ढिगाकडे गेली.

"चिमण्या," ते म्हणाले. "सारखा वाळूत लोळायचा. चिमणी कशी धुळीत आंघूळ करती, तसा. आय सांजच्याला झाडून घ्यायची त्याला, आन् मग घरात."

"ते लिवू?"

"मला दिसायला व्हय?"

शमशादला हो म्हणता आलं असतं. पण ती म्हणाली, "न्हाय आण्णा. निरोपाच्या डोक्यात जे लिवू, ते निरोपाबरोबर जातंय. तिकडं त्यांच्या पडद्यावर बी 'चिमण्या' असंच दिसणार."

आण्णा उठले. "र्‍हाऊ दे मग," असं पुटपुटले आणि भट्टीकडे चालते झाले. शमशादनं तो कप्पा रिकामाच ठेवायचं ठरवलं. दुरुस्तीनंतर कुठलं बटण दाबलं की तिथं लिहिता येईल, तेवढं एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राला टेकवून ठेवलं आणि परतीची बस धरली.

दुरुस्तीला दोन-तीन दिवस गेले. आता कितीही वेळा उत्तर दिलं तरी आरई एकदाच लागायचा. लांब ओळ नीट मोडून खाली उतरायची. एका कप्प्यातलं दुसऱ्यात सांडायची तर सोयच उरली नव्हती. शिरोलीचं यंत्र नवं करून झालं तेव्हा आण्णा भट्टीवरच होते, भेटले नाहीत. मग ती शाहूपुरीत गेली.

आकारामनी तिला खुर्ची दिली, पण चहा विचारला नाही. चूक यंत्राची होती हे सरांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, आणि त्यांनी ते अर्धंच मानलं होतं. "यंत्राचं नाव पुढं करून आमचे बंधू बरंच काही करत्यात," असं ते म्हणाले. शमशाद काम करत होती. तिनं डबडं जोडून पाहिलं, लाइन लागली, आणि तिकडे थांबलेला एक निरोप खरखरत आला.

नवा निरोप होता. आरई नव्हता. विषयाच्या ओळीत होतं, 'नवा पॅटर्न'. आणि 'कुणाला'च्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत, एक अक्षर चुकलेलं, 'चिमण्या'.

शमशाद खुर्चीवरून बाजूला झाली. आकाराम पुढे झुकले. चष्मा वर केला, परत खाली घेतला. खालचा मजकूर सगळा कामाचाच होता, पॅटर्न पाठव, आधी तपासून घे, एवढाच. पण ते तिथवर पोचलेच नव्हते.

"हे तुम्ही घातलं, बाई?"

"न्हाय. मी जागा दिली फक्त. नाव त्यांनी टायपलं, त्यांच्या हातानं."

"त्याला माहीत हाय, हे हितं दिसतंय म्हणून?"

"माहीत हाय. मी सांगितलं हुतं."

आकारामनी कारकुनाला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं. खिडकीपाशी गेले. शाहूपुरीच्या रस्त्यावर गूळ लादलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघत उभे राहिले. वळले तेव्हा नाक लाल झालं होतं.

"आय गेल्यापासनं ह्या नावानं कुणी हाक मारली न्हाय मला," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले, आर दाबलं. 'कुणाला' या ओळीत पिराजी उमटलं. "हे बदलायचं कसं? मी त्याला कधी पिराजी म्हटलेलं न्हाय. ह्या यंत्रानंच म्हटलं."

शमशादनं बटण दाखवलं. त्यांनी 'आण्णा' लिहिलं. आणि खाली लिहिलं, पॅटर्न उद्या धाडतो, मीच तपासलाय. आणखी काहीतरी लिहायला बोट उचललं, थांबले, आणि पाठवून दिलं. मग ओरडले, "आरं, बाईंस्नी चहा सांगितला का न्हाय कुणी?"

त्यानंतर दर पंधरवड्याला शमशाद दोन्ही यंत्रं तपासायला जायची. धड वाचायचं नाही हा नियम ती पाळायची, पण ओळी आपापल्या कप्प्यात पडतात का हे बघायला डोकी मात्र तिला वाचावीच लागत. विषयाच्या ओळी तिच्या डोळ्यांखालून जात. विषय, बीड. विषय, पुण्याचा साहेब येणार. विषय, आक्काचा गुडघा. तेव्हा ती जरा थबकली. आक्का म्हणजे बिरंजे बंधूंची मलकापूरला दिलेली बहीण. विषय, गुडघ्यावरचं तेल मिळालं. विषय, आक्काच्या हातची भाकरी. विषय, त्या वेळी मी इचारायला पायजे हुतं. ह्या ओळीवर तिची बोटं बटणांवरच राहिली. तो निरोप शाहूपुरीतून शिरोलीला गेला होता. आत काय होतं, हे तिला आजतागायत माहीत नाही. खाली सरकली तर शिरोलीचं उत्तर होतं, त्याच विषयाला, एकच आरई लागलेलं. त्याच्याही आत तिनं पाहिलं नाही. रात्री मात्र तिनं वडिलांना सांगितलं. गौसभाई म्हणाले, "तुझं काम पत्त्यापुरतं. तेवढं चोख ऱ्हाऊ दे."

खंडेनवमीला फौंड्रीत यंत्रांची पूजा असायची. त्या वर्षी आण्णांनी सरांना आणि शमशादला बोलावलं होतं. भट्टीला झेंडूची माळ, वजनकाट्याला माळ, कॉम्प्युटरच्या पडद्यालाही एक इवलीशी माळ आणि वर हळद-कुंकू. शमशाद ते कुंकू आत तर सांडणार नाही ना या काळजीत उभी होती, तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि मोल्डर लोकांची कुजबुज एकदम थांबली.

दारात आकाराम होते. सफारी सूट नव्हता. पांढरा पायजमा-सदरा घातलेला, हातात नारळ. उंबऱ्याच्या अलीकडेच उभे राहिले.

आण्णा आरतीचं ताट धरून होते. त्यांनी ते कुणाच्या तरी हातात दिलं.

"या पावणं," ते म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "आत या की. पावण्यानं दारात हुबं ऱ्हाऊ ने."

"पावणं कुणाला म्हणतोस रं?" आकाराम म्हणाले.

"मग काय म्हणू? येवढ्या वरसांनी येणाऱ्याला काय म्हणत्यात?"

"म्हण की काय म्हणायचं ते. बाकी रोज तर म्हणतोस."

कुणीतरी मागून खुदकन हसलं. आण्णांचा जबडा हलला. ते पुढे आले, भावाच्या सदऱ्याच्या बाहीवर गाडीची धूळ लागली होती, ती त्यांनी हातानं झाडली. एकदा, दोनदा, मग उगाच तिसऱ्यांदा.

"चिमण्या," ते म्हणाले. "फोड नारळ. खोळंबल्यात समदी."

गोलातला 'के' परत आला नाही. पुण्याच्या मालावर पुण्याचाच छाप पडत राहिला, आणि आण्णांनी त्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही. का काढला नाही, हे शमशादनं त्यांना विचारलं होतं एकदा. "त्यो इचारायला आला न्हवता, ह्येच्यासाठी भांडान हुतं," ते म्हणाले. "आता आला."

जासूद पुढं फार चालला नाही. सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत फॅक्सची मशिनं आली. कागद घाला, बटण दाबा, हस्ताक्षरासकट निरोप पोचतो. डोकं-धड, कप्पे, आरई यांची कुणाला गरज उरली नाही. आणखी दोन कारखाने येणार होते ते आले नाहीत. जोतीराम सरांनी पुण्यात पुन्हा नोकरी धरली. जाताना तो झेरॉक्सचा गठ्ठा त्यांनी शमशादला दिला. तिनं पुढं कॉलेजात शिकवलं, संसार केला. ईमेल म्हणून निरोपांना पुन्हा दिवस आले आणि साऱ्या जगाचे निरोप त्याच कागदांतल्या नियमांनी धावू लागले, तेव्हा सर हयात नव्हते. तिनं पहिल्यांदा एका परक्या निरोपाचं डोकं उघडून पाहिलं. कुणाकडून, कुणाला, तारीख, विषय, मग रिकामी ओळ. वर्गात पोरं होती म्हणून ती फळ्याकडे तोंड करून थोडी उभी राहिली एवढंच.

पण ते पुढचं. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात शिरोलीचं यंत्र काढून आणायला ती शेवटची गेली होती. फौंड्रीच्या फाटकापासूनच आरडाओरडा ऐकू येत होता. दोघं भाऊ ऑफिसच्या दारात समोरासमोर उभे, दोघांचे हात हवेत. नव्या भट्टीची चिमणी किती उंच असावी यावरून जुंपली होती.

"तुला काय कळतंय भट्टीतलं? शाहूपुरीत पंख्याखाली बसून!"

"आन् तुला काय कळतंय? धूर गावात गेला तर नोटीस कुणाला येती? मला येती!"

"येऊ दे की! फाडून टाक!"

"फाडून टाक म्हणं! आण्णा, तू येडा हायस का रं?"

वजनकाट्यावरच्या त्या सायकलवाल्या माणसानं शमशादला बाकावर जागा करून दिली. "बसा बाई," तो म्हणाला, "सकाळधरनं चाललंय. आता जेवायच्या आधी काय संपत न्हाय." त्यानं चहा मागवला. शमशाद बाकावर टेकली, पदरानं वारा घेतला, आणि ते भांडण ऐकत निवांत चहा प्यायली.